तारेखालचं नाव

कंपनीला शंभर वर्षं होतायत, म्हणून तिचा इतिहास छापायचं ठरलंय. त्यासाठी हेड ऑफिसनं लंडनहून एक माणूस पाठवला. पातळ मिशी, मऊ हात, खिशात दोन पेनं. दारात उभा राहून मला म्हणतो, "मिस्टर लेडलर, तुम्ही थर्लवेल कंपनीत एक्कावन्न वर्षं काढलीत. काही आठवणी सांगा ना." मी म्हटलं, "आधी बूट पुसा, मग आत या."

सांगितल्या की. न सांगायला काय झालं? म्हातारा थर्लवेल आधी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या, म्हणजे क्रेन, बनवायचा, धक्क्यावरचा कोळसा उचलायला. माझे आजोबा त्याच्या पहिल्या चाळीस माणसांतले. मग कुठलीशी लढाई लागली, म्हाताऱ्यानं एक तोफ ओतून सरकारला दाखवली, आणि त्यानंतर याऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. वडिलांच्या काळात तर दोन देश एकमेकांशी लढायच्या बेतात होते आणि दोघांच्या तोफा आमच्याच शेडमध्ये शेजारी शेजारी तयार होत होत्या. दोघांचे अधिकारी एकाच आठवड्यात बघायला आले. फोरमननं एकांना वरच्या मजल्यावर जेवायला बसवलं, तोवर दुसऱ्यांना खाली माल दाखवला, मग उलट. दोघांनीही वडिलांच्या हातावर बक्षिशी ठेवली. वडील म्हणायचे, "कोण जिंकलं विचारू नका, माझं दोन्हीकडून जमलं."

तो लंडनवाला खूप हसला. भराभरा लिहून घेतलं. "हे फारच छान आहे. अजून?"

"अजून काही नाही," मी म्हटलं. खोटं बोललो. होतं, पण ते त्या मऊ हातांनी लिहिण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगतो. मात्र मध्ये बोलायचं नाही.

लोकांना वाटतं, मोठी तोफ म्हणजे एक जाडजूड नळी. तसं नसतं. आत एक पोलादाची नळी असते. तिच्यावर चपटी पोलादी तार गुंडाळतात, थरावर थर, ताणून ताणून. एका मोठ्या तोफेला शंभर मैलांवर तार लागायची. हो, शंभर मैल. इथून निघालात तर पार स्कॉटलंडात पोचाल. हे गुंडाळणं आठवडेच्या आठवडे चालायचं. मग बाहेरचं जाड कवच लालबुंद होण्याच्या आधीपर्यंत तापवायचं, वरून अलगद उतरवायचं, आणि ते गार होताना आवळून बसायचं. एकदा तार चढली की आतल्या नळीचं बाहेरचं अंग पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. तोफ मरेपर्यंत नाही. मी, कथबर्ट लेडलर, तार गुंडाळायच्या शॉपमध्ये मुकादम होतो.

आमच्या शॉपमध्ये एक रिवाज होता. कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नव्हता. ज्या पोरांची काम शिकायची सात वर्षांची उमेदवारी संपत आलेली असायची, ती तार चढायच्या आदल्या संध्याकाळी नळीच्या अंगावर आपापलं नाव कोरायची. रेघा मारायची पोलादी सुई असते ना, तिनं. नाव आणि साल, बस. त्या वेळी मुकादमाला नेमकी पाइप ओढायची तल्लफ यायची आणि तो बाहेर जायचा. परत येईतो सगळी पोरं साळसूदपणे झाडू मारत असायची. मीसुद्धा माझ्या वेळी कोरलंय. ती तोफ कुठल्या परक्या समुद्रात गेली देव जाणे, पण माझं नाव तिच्या पोटात आहे याची मला कित्येक वर्षं मजा वाटायची.

एकोणीसशे पंधराच्या मार्चमध्ये आमच्याकडे चारशे सतरा नंबरची नळी आली. त्या वर्षी चार पोरं उमेदवारीतून सुटणार होती. दोघं पुढं कॅनडाला गेले, त्यांचं सोडा. तिसरा नेड रटर, आमच्या शेजारच्या विधवेचा एकुलता एक. आणि चौथा आमचा लॅन्स.

लॅन्स म्हणजे माझा मुलगा. एकच झाला. कामात हात चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला म्हणा ना. पण मुकादमाचं पोर म्हटलं की शॉपमध्ये जिभा वळवळतातच. "लेडलरच्या घरात नोकऱ्या काय बारशालाच वाटतात का रे?" असलं चालायचं. मी कानाडोळा केल्यासारखं दाखवायचो, आणि घरी येऊन त्याच्यावरच डाफरायचो. दुसऱ्यांची पोरं दहा मिनिटं उशिरा आली तर मी घड्याळाकडे बघायचो नाही. लॅन्स एक मिनिट उशिरा आला तर चारचौघांत झाडायचो. एस्थर, माझी बायको, म्हणायची, "अरे, तो तुझा मुलगा आहे, तुझ्या प्रामाणिकपणाची पाटी नव्हे." मी म्हणायचो, "तुला शॉपमधलं काय कळतं?"

तर त्या संध्याकाळी मी पाइप ओढून परत आलो. दुसऱ्या दिवशी नौदलाचा नवा तपासनीस यायचा होता. त्याच आठवड्यात शेजारच्या शॉपची एक नळी ओरखड्यावरून नापास झाली होती, म्हणून माझा जीव आधीच टांगणीला लागला होता. दिवा घेऊन बघतो तर चार नावं. तीन शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाला, बारकी, कुणाच्या लक्षातही न येणारी. चौथं मधोमध. एल. लेडलर, १९१५. पोरानं मोठ्या झोकात कोरलं होतं.

मी ते पुसलं. एमरी, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, लावून, तेल लावून, आरशासारखं साफ केलं. बाकीची तीन तशीच ठेवली. लॅन्सनं विचारलं, "आणि त्यांची?" मी म्हटलं, "ते माझे मुलगे नाहीत."

झालं. एवढंच. दुसऱ्या दिवशी तो तपासनीस आला, त्याला सर्दी झाली होती. त्यानं नळीच्या आतला व्यास मोजला, बाहेरच्या बाजूकडे बघितलंसुद्धा नाही, सही ठोकली आणि शिंकत शिंकत चहाला गेला. मी तिथंच उभा होतो. दुपारी तार चढायला लागली.

लॅन्स माझ्याशी बोलेनासा झाला. वीस दिवस. मीही कशाला बोलतोय? बाप म्हणून माझा मान होता ना! एका शनिवारी तो जेवायच्या टेबलाशी आला, कोटावरचा पितळी बिल्ला काढून माझ्या ताटलीशेजारी ठेवला. तो बिल्ला लावला की दारूगोळ्याच्या कामावरचा माणूस म्हणून कुणी पलटणीत ओढायचं नाही. "मी नाव नोंदवून आलोय," म्हणाला, आणि आईकडे वळला. एस्थरच्या हातातला डाव खाली पडला. नंतर तिनं मला विचारलं, "तुमच्या दोघांत झालं तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही. तरुण रक्त आहे. सगळी पोरं चाललीयत."

सोळाच्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये तो गेला. आधी कळवलं बेपत्ता, मग पाच महिन्यांनी कळवलं मृत. शरीर मिळालं नाही. आमच्या रस्त्यावर त्या वर्षी अशी अकरा घरं झाली. नेड रटरही त्यातलाच, तो आरमारात होता. सुतकाचे पडदे ओढलेली घरं मोजत मी कामावर जायचो आणि दिवसभर आणखी तोफांना तार गुंडाळायचो. डोकं बधिर झालं होतं. तसंच बरं होतं.

त्या हिवाळ्यात एकदा एस्थर चुलीपाशी वाटाणे शिजवत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "लॅन्सनं पत्रात लिहिलं होतं. त्याचं नाव चारशे सतराच्या पोटात आहे म्हणे. कुणाला पुसता येणार नाही. तुला ठाऊक होतं?"

तिला तो तळावरून पत्रं लिहायचा, फक्त तिला. ती पत्रं मला कधी तिनं दाखवली नाहीत आणि मी मागितली नाहीत. मी म्हटलं, "हो. पोरं कोरतात सगळी."

ती वळली. माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. वाटाणे खाली लागायला लागले, त्याचा वास आला तेव्हा ती परत चुलीकडे वळली. मला वाटलं, पोरानं आईला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल. आणि मी कशाला तिच्या तोंडातला घास काढू? असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

मग ती तोफ तिच्यासाठी लॅन्सच झाली. ज्या युद्धनौकेवर चारशे सतरा बसवली होती, तिचं नाव पेपरात आलं की एस्थर कात्रण कापून ठेवायची. "आज आमचा स्कॉटलंडला आहे," असं मिसेस रटरला सांगायची. रविवारी चर्चमध्ये त्या बोटीसाठी प्रार्थना करायची. आणि मी? मी माझ्या कांदेपातीच्या वाफ्यात जाऊन बसायचो. आमच्याकडे जाड पातीचे कांदे लावायचं भारी वेड, प्रदर्शनं भरतात, बक्षिसं मिळतात. त्या सहा वर्षांत मला तीन बक्षिसं मिळाली. यावरून समजा मी घरात किती बसलो असेन.

बावीस साली शांतता आली. म्हणजे लढाई आधीच थांबली होती, पण आता अमेरिकेत मोठमोठ्या देशांनी बसून कागदावर सह्या केल्या की एवढ्या युद्धनौका मोडायच्या, एवढ्या तोफा भंगारात काढायच्या. चांगली गोष्ट झाली, मी वाईट कशाला म्हणू? पण आमच्या रस्त्यावर त्या शांततेचा अर्थ निम्म्या घरांत चूल बंद असा झाला. मॅटी फेनिक म्हणून आमच्याकडे एक गॅसची ज्योत लावून पोलाद कापणारा होता, तोंडाचा महाफाटका. तो म्हणायचा, "लढाई होती तेव्हा पोरं गेली, संपली तर पाव गेला. आता देवानं एकदा बसून आमच्याशी नीट बोलावं."

कंपनीनं काय केलं, सरकारकडून त्या मोडीत काढलेल्या तोफाच परत आणल्या, वितळवायला. नदीतून मालाच्या होड्या भरभरून आल्या. आणि कापायच्या टोळीवर मुकादम म्हणून मला ठेवलं, कारण सांधे कुठं आहेत ते मलाच माहीत. मॅटी म्हणाला, "मुकादम, बाळंतपणही तुम्हीच केलंत, आता मयतीलाही तुम्हीच." मी त्याला शिवी हासडली. मग ऑफिसातून आलेली यादी वाचली. तिसऱ्या ओळीत चारशे सतरा.

माझ्या आधी ही बातमी घरी पोचली होती. मॅटीच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. मी टोपी काढतोय तोच एस्थर म्हणाली, "आली म्हणे ती."

"कोण?"

"सोंगं करू नकोस, कथबर्ट. नळी उघडी पडेल ना आता? त्याचं नाव तेवढं कापून आण मला. त्याला थडगं नाही. फुलं ठेवायला जागा नाही. तेवढं लोखंड तरी घरात राहू दे."

पुन्हा एकदा संधी होती बघा. ती समोर उभी होती, ओले हात ॲप्रनला पुसत. चार शब्द लागले असते. मी म्हटलं, "बघतो. ज्योतीनं जळालं नाही तर."

"जळणार नाही," ती म्हणाली. "तू बघशील ना नीट."

कापायला नऊ दिवस लागले. मॅटीनं बाहेरचं कवच लांबीतून चिरलं, यारीनं दोन्ही फाका उचलल्या. मग तार सोडायला घेतली. सात वर्षं ताणून बसलेली तार सुटली की आपसूक वेटोळी घेते, सगळ्या अंगणभर तिचे ढीग लागले. पोरं कुंपणावरून बघत होती. मी प्रत्येक थराला मनात म्हणत होतो, अजून एक असू दे. आठवडे लावून मीच चढवले होते, थर किती ते मला तोंडपाठ होते, तरी म्हणत होतो.

शेवटी नळी उघडी पडली. तेलाचा वास अजून होता तिला. शेपटाकडे तीन नावं, जशीच्या तशी. मॅटीनं टोपी काढली. "हा तर आपला नेड," तो म्हणाला, आणि त्यानं सबंध सकाळ लावून तो तुकडा असा कापला की अक्षराला धग लागली नाही. दुपारी तो स्वतः मिसेस रटरकडे घेऊन गेला. सगळा रस्ता गोळा झाला. त्या म्हातारीनं तो तुकडा शालीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही. एस्थर तिच्याशेजारी बसून होती. घरी आली तेव्हा डोळे सुजले होते. मला म्हणाली, "नेडचं किती सुबक आहे रे. आपलं कधी आणतोस?"

"उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅटी नळीच्या मध्यावर वाकून बघत होता. "मुकादम, लॅन्सचं कुठाय? तो पण होता ना यांच्याबरोबर?" असं म्हणत म्हणत त्याचा हात एका जागी थांबला. तळहाताएवढी जागा, आजूबाजूच्या पोलादापेक्षा गुळगुळीत. यंत्राचे बारीक ओरखडे सगळीकडे होते, तिथं नव्हते. मॅटीनं तीस वर्षं लोखंड हाताळलंय, त्याला मी काय सांगणार! त्यानं बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा जागेकडे बघितलं.

"इथून कापू?" त्यानं हळू विचारलं.

मी मान हलवली. त्यानं तो चौकोन कापला, पाण्यात गार केला, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "घरी न्या," एवढंच म्हणाला.

मी घरी नेला नाही. शनिवारी दुपारी सुटी झाली, सगळे गेले, मी बाकावर बसलो. सुई घेतली. पुढचं मी सांगितलं नाही तरी तुम्हाला कळलंय. ज्या जागेवरून पुसलं, त्याच जागेवर मी लॅन्सचं नाव कोरलं. एल. लेडलर, १९१५. त्याचा एल कसा असायचा, खाली जरा शेपूट काढायचा, ते मला बरोबर आठवत होतं. ताजी रेघ चमकते म्हणून मीठ आणि व्हिनेगर चोळलं, मग काजळी, मग तेल. कारागीर माणूस मी. सात वर्षांपूर्वीचं वाटावं असं केलं. हात एकदाही थरथरला नाही, याची मला आजही लाज वाटते.

रविवारी चर्चहून आल्यावर दिला तिला. खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिनं पोतं उलगडलं. आधी वाचलं, मग डोळे मिटून अक्षरांवरून बोट फिरवलं. एल, ठिपका, पुन्हा एल. मी उभाच होतो. मनात म्हणत होतो, देवा, एवढं पचू दे, पुन्हा काही मागणार नाही.

"एल छान काढलास," एस्थर म्हणाली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. ती उठली, कपाटातल्या चादरीखालून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. शिसपेनीचं पत्र होतं, घड्यांवर फाटायला आलेलं. "वाच," म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. थंडी आहे, मोजे मिळाले, नवा सार्जंट बरा आहे. मग खाली लिहिलं होतं: 'आई, आमची सगळ्यांची नावं चारशे सतराच्या आत आहेत, माझं नाही. बाबांनी माझं पुसून टाकलं. मला फार लागलं ते, म्हणून निघून आलो. आता इथं आल्यावर वाटतं, एवढं काय त्यात. तू त्यांना काही विचारू नकोस. ते आपणहून सांगतील तुला. त्यांना जरा वेळ दे.'

पुढं माझ्यानं वाचवेना.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "सगळं. आणि तू मला म्हणालीस, नाव आत आहे म्हणून."

"म्हणाले. खोटं बोलले. म्हटलं, हा म्हणेल, नाही गं एस्थर, ते तिथं नाहीये. तू म्हणालास, हो. मग म्हटलं, तोफ उघडेल तेव्हा तरी म्हणेल." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं वेळ दिला तुला. त्यानं सांगितलं होतं म्हणून. मला लोखंड घेऊन काय करायचंय रे? मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्याच्यासाठी. त्याची तेवढी खात्री होती तुझ्याबद्दल."

तिनं तो तुकडा माझ्या हातात परत ठेवला. जड होता. मी खाली बसलो, तिच्या पायांशी, जमिनीवरच. मग बोलायला लागलो. आधी सगळं उलटसुलट आलं. तपासनीस, त्याची सर्दी, शेजारच्या शॉपची नळी, लोक काय म्हणतील. एस्थरनं मला थांबवलं.

"ते नको," म्हणाली. "तुझी कारणं नकोत. त्या संध्याकाळचं सांग. तू काय केलंस ते."

"एमरी घेतली. तेल लावलं. घासलं."

"किती वेळ?"

"दहाएक मिनिटं. रेघ खोल होती."

"आणि तो? तो गेला होता घरी?"

"नाही. तिथंच होता."

"काय करत होता?"

ती वाट बघत बसली, हात मांडीवर ठेवून. रस्त्यावर कुणाची तरी पोरं खेळत होती.

"दिवा धरून उभा होता," मी म्हटलं. "तिथं अंधार होता. मीच सांगितलं होतं धर म्हणून."

"रडत होता?"

"हो."

"काही म्हणाला?"

"एकदा म्हणाला. बाबा, राहू द्या ना."

"आणि तू?"

"मी म्हटलं, दिवा नीट धर."